पॅरिसचा कोट, घरची शिलाई



बाहेर वैशाख तापलेला असताना, पंख्याखाली बसून, मी आपल्यापुढे लोकरीच्या कोटांची गोष्ट सांगणार आहे. मंडळाच्या चिटणिसांनी मला पत्राने विचारले, 'विषय छापताना काही चूक तर झाली नाही ना?' चूक झालेली नाही. ज्याने आयुष्यभर पगार, बोनस आणि बडतर्फी यांचे कागद वागवले त्याने बायकांच्या फॅशनवर का बोलावे, असे काहींना वाटले असेल. पण कोट हा शेवटी कोणाच्या तरी हाताने शिवला जातो, आणि ते हात कोणाचे, त्यांना काय मिळाले, हा माझा धंद्यातला प्रश्न आहे. आज फरक इतकाच की ज्या हातांविषयी बोलायचे त्यांतले पुष्कळसे कधी कोणाच्या हजेरीपटावर नव्हते.

सन १९४७ च्या फेब्रुवारीपासून आरंभ करतो. आपल्याला ते वर्ष निराळ्या कारणाने पाठ आहे. युरोपला ते त्याच्या हिवाळ्यासाठी आठवते. इंग्लंडात जानेवारीच्या अखेरीस बर्फ पडू लागले ते मार्चच्या मध्यापर्यंत हटले नाही. खाणी नुकत्याच, म्हणजे १ जानेवारीला, सरकारच्या मालकीच्या झाल्या होत्या. परंतु खाणीतून काढलेला कोळसा बर्फाने अडलेल्या रुळांवरून शहरात येईना. १० फेब्रुवारीपासून लंडन आणि इतर मोठ्या भागांतल्या कारखान्यांची वीज तोडली गेली. घरांना सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते चार वीज वापरण्याची मनाई झाली. वीस लाखांहून अधिक माणसे त्या काही आठवड्यांत बेकार बसली. लोक घरात कोट घालून बसत आणि कोट अंगावर टाकून झोपत.

आणि दोनच दिवसांनी, १२ फेब्रुवारी १९४७ ला, खाडीच्या पलीकडे पॅरिसमध्ये मोंतेन रस्त्यावरच्या ३० क्रमांकाच्या घरात ख्रिस्तियन दिओर नावाच्या मनुष्याने आपल्या पेढीचे पहिले प्रदर्शन मांडले. खांदे उतरते, कंबर मुठीत मावेल इतकी बारीक, आणि खाली घोट्याकडे उतरणारा घेर. कित्येक घागऱ्यांना दहा-दहा, वीस-वीस वार कापड लागे. एका अमेरिकन मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांनी त्याला 'नवे रूप' म्हटले आणि ते नाव जगभर गेले. या पेढीमागचे भांडवल मार्सेल बुसाक या कापडगिरणीवाल्याचे होते, हे आपण विसरू नये. ज्याच्या गिरण्यांतून कापडाचे ठाण निघते त्याला घेर वाढला तर वाईट कशाला वाटेल? काही इतिहासकार म्हणतात की दिओरची दृष्टी स्वतःची होती, बुसाकने त्यात ढवळाढवळ केली नाही. तसेही असेल. मालक आणि कलावंत यांचे हित एकाच दिशेला असले की ढवळाढवळ करावीच लागत नाही.

पॅरिसच्याच रू लपिक या बाजाराच्या गल्लीत त्या पोशाखांची छायाचित्रे घ्यायला मॉडेल मुली उभ्या केल्या, तेव्हा भाजीच्या रांगेतल्या बायकांनी त्यांच्या अंगावर धावून जाऊन कपडे ओढले, फाडले. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या बायकांना वेडगळ म्हणणारे लोक पुष्कळ निघाले. मी त्यांत नाही. युद्ध संपून दोन वर्षे होत आली तरी पोराला लोकरीचा बनियन मिळत नव्हता, आणि समोर एका घागऱ्यात चार पोरांचे कापड झुलत होते. मात्र त्याच गल्लीतल्या किती बायकांनी घरी जाऊन आपल्या जुन्या झग्याला खालून पट्टी जोडून तो लांब केला असेल, याचे छायाचित्र कोणी घेतलेले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. राग आणि हौस एका पोटात राहतात.

हे समजण्यासाठी इंग्लंडातले कापडाचे रेशनिंग थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण घरच्या शिलाईचा हिशेब तिथे कुपनांत मांडलेला सापडतो आणि असा हिशेब इतिहासात क्वचित मिळतो.

१ जून १९४१ हा रविवार होता. त्या दिवशी सकाळी व्यापारमंत्री ऑलिव्हर लिटलटन यांनी रेडिओवरून सांगितले की आजपासून कपडे कुपनावर. गुप्तता इतकी की वेगळी पुस्तके छापलीच नव्हती. अन्नाच्या पुस्तकातली मार्गरीनची शिल्लक कुपने कपड्यांसाठी धरायची होती! पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला ६६ कुपने. बाईच्या अस्तर लावलेल्या लोकरी कोटाला १४ कुपने, लोकरी झग्याला ११, पुरुषाच्या तीन कपड्यांच्या सुटाला २६. पुढे कुपने घटत गेली. १९४५-४६ मध्ये आठ महिन्यांना २४ इतकीच होती. रेशनिंग संपले १५ मार्च १९४९ ला. मधल्या काळात, १९४७ च्या नोव्हेंबरात, राजकन्या एलिझाबेथच्या लग्नासाठी कित्येक बायकांनी आपली कुपने टपालाने राजवाड्यावर पाठवली आणि ती परत करावी लागली, कारण आपले कुपन दुसऱ्याला देणे हा गुन्हा होता.

आता हिशेब पाहा. ३६ इंच पन्ह्याच्या लोकरी कापडाला वाराला ३ कुपने, सुती कापडाला २. थंडीच्या चांगल्या कोटाला या पन्ह्याचे चार वार तरी हवेत. म्हणजे १२ कुपने झाली. अस्तराला आणखी तीन वार धरा, ६ कुपने. एकूण १८. तयार कोट मात्र १४ कुपनांत! म्हणजे नवे कापड आणून घरी कोट शिवणारी बाई कुपनांत तोट्यातच जाई. घरच्या शिलाईत फायदा एकाच वाटेने होता: जुने उसवून नवे करणे. जुन्या कापडाला कुपन लागत नसे. नवऱ्याचा सूट उसवून बाईचा जाकीट-घागरा, रग आणि कांबळ्यांचे कोट, खिडक्यांच्या काळ्या पडद्यांचे कापड, झिजलेला कोट उसवून आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवणे. पुलओव्हर उसवून लोकर धुऊन, वजन बांधून सरळ करून पुन्हा विणणे. सरकारने १९४३ साली 'आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा' अशा अर्थाच्या नावाची एक पुस्तिकाच काढली. तीत नवऱ्याच्या कपड्यांचे काय काय करता येईल याची यादी आहे. आघाडीवरून सुटीवर आलेल्या किती शिपायांनी कपाट उघडून डोक्याला हात लावला असेल, देव जाणे. आमच्या घरी आई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवे. तिला कोणत्या सरकारने पुस्तिका पाठवली नव्हती. पण मी इंग्रज बायकांना हसणार नाही, कारण त्यांचा प्रश्न वाकळीहून अवघड होता. वाकळीला माप नसते, कोटाला असते.

आणखी एक गोष्ट. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वयाच्या अविवाहित बायकांना युद्धकामाची सक्ती झाली. पुढे पुष्कळ विवाहित स्त्रियाही कारखान्यांत आल्या. म्हणजे दिवसा बाई तोफगोळे भरत होती आणि रात्री तिने कोट उलटवून शिवावा अशी सरकारची अपेक्षा होती. कारखान्यातल्या तासांचा पगार ठरलेला होता, त्यासाठी युनियन होती. रात्रीच्या तासांना 'देशसेवा' असे नाव होते. आपल्याकडच्या ज्या पिढीने १९४३ चे कापड-नियंत्रण आणि 'स्टँडर्ड क्लॉथ'च्या रांगा पाहिल्या तिला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. मुंबई-सोलापूरच्या मागांवरचे कापड लष्कराकडे चालले होते आणि कानपूरच्या लोकरी गिरणीत सैन्याची कांबळी विणली जात होती.

या सगळ्या टंचाईत सरकारने एक असे काम केले की त्याबद्दल मला कौतुक वाटते. १९४२ साली 'युटिलिटी' म्हणून ठरावीक दर्जाचे आणि ठरावीक किमतीचे कपडे निघाले. लोकांना वाटले, आता सगळ्यांना तुरुंगातले कपडे मिळणार. तेव्हा व्यापार खात्याने लंडनच्या नामांकित पोशाखकारांना बोलावले. नॉर्मन हार्टनेल, जो राणीचे कपडे करी, तो त्यांत होता. हार्डी अॅमिस, डिग्बी मॉर्टन, व्हिक्टर स्टीबेल होते. त्यांनी कोट, सूट, झगे यांचे मोजके नमुने बेतले: गुंड्या मोजून, चुण्या मोजून, कापडाचा इंच न इंच धरून. त्या नमुन्यांचे बेत कारखानदारांना उपलब्ध करून दिले. आणि कोणता नमुना कोणाचा हे जाहीर केले नाही. कोटावर खूण होती ती फक्त युटिलिटीची. राणीच्या शिंप्याने बेतलेला कोट गिरणीतल्या मुलीच्या अंगावर आला आणि तिला ते नावानिशी ठाऊकही नव्हते. नाव झाकले, बेत सर्वांना दिला. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे उलट घडणार आहे.

घरात मात्र कायदा पोचत नव्हता. कारखान्यात शिवलेल्या कपड्यावर भरतकाम करायला मनाई होती, खिसे आणि गुंड्या यांवर मर्यादा होती. पुरुषांच्या विजारीची खालची दुमड ह्यू डाल्टन या मजूर पक्षाच्या मंत्र्याने बंद केली, तर लोक लांब विजारी विकत घेऊन घरी दुमडून घेऊ लागले! बाईने स्वतःच्या कोटाला चार चुण्या जास्त घातल्या तर तिला विचारणारे कोणी नव्हते. घरचे मशीन ही त्या नियमबद्ध देशातली एक मोकळी जागा होती.

म्हणून दिओरचे चित्र वर्तमानपत्रांतून आले तेव्हा ते शिवायला कोण बसले, हे वेगळे सांगायला नको. सर स्टॅफर्ड क्रिप्स, जे १९४२ साली आपल्याकडे योजना घेऊन आले होते, ते तेव्हा व्यापारमंत्री होते. लांब घागऱ्यांनी कापड वाया जाईल म्हणून त्यांनी पोशाखकारांना आखूड घागरेच ठेवायला सांगून पाहिले. मजूर पक्षाच्या खासदार मेबल रिडील यांनी या फॅशनवर टीका केली. त्यांचे म्हणणे मला पुष्कळ अंशी पटते. पण बायकांनी दोघांचेही ऐकले नाही. क्रिप्ससाहेबांची आणखी एक योजना नामंजूर झाली, इतकेच.

आता ते रूप पॅरिसहून घरच्या टेबलावर येई कसे, हे सांगितले पाहिजे. कोणी म्हणेल, चित्र पाहिले आणि शिवले. ज्याने कधी कात्री धरली आहे तो असे म्हणणार नाही. चित्रात बाहेरची बाजू दिसते. कोट उभा राहतो तो आतल्या बाजूवर. दिओरने स्वतः लिहून ठेवले आहे की त्याने जवळजवळ प्रत्येक कापडाला आतून दाट विणीचे सुती किंवा तफेता कापड लावले, तेव्हा तो आकार टिकला. ते चित्रात कोठून दिसणार?

पॅरिसच्या पेढ्यांचा धंदा मोठा पक्का होता. परदेशी व्यापाऱ्याला प्रदर्शनाच्या दारातच अनामत भरावी लागे किंवा अमुक इतकी खरेदी करीन असे बांधून घ्यावे लागे. आत पेन्सिल काढायची नाही. तरीही काही जण नजरेने टिपून घेत आणि हॉटेलात जाऊन चित्र काढत. सरळ मार्गाने तीन गोष्टी विकत मिळत: तयार कपडा, मांजरपाटात शिवलेला नमुना, किंवा नुसता कागदी बेत. मांजरपाटाचा नमुना घेऊन गेलेला अमेरिकन कारखानदार तो टाके उसवून सपाट करी आणि त्यावरून शेकडो कोट कापी. मूळ पोशाखात पाचशे तास हाताचे काम असले तर नकलेत पाच उरत.

घरच्या बाईसाठी हे दार उघडले ते १९४९ साली. 'व्होग' या मासिकाच्या पॅटर्नच्या धंद्याने पॅरिसच्या पेढ्यांशी करार करून त्यांच्या खऱ्या बेतांवरून केलेले कागदी पॅटर्न विकायला काढले. बाल्मँ, फात, स्कियापरेली अशा पेढ्या आरंभी होत्या. पुढे आणखी आल्या, दिओरचीही आली. पाकिटात पातळ कागदावर कोटाचे सगळे भाग, शिवण्याच्या सूचनांचे कागद, आणि एक लहानशी विणलेली फीत, जिच्यावर हा पॅरिसच्या मूळ बेताचा पॅटर्न असल्याचे लिहिलेले. ती फीत बाईने आपल्या हाताने मानेशी टाचायची. साध्या पॅटर्नपेक्षा किंमत कितीतरी जास्त.

सात वर्षांपूर्वी लंडनमध्ये नाव झाकून बेत दिला होता. आता बेताबरोबर नाव विकले जात होते, आणि ते नाव टाचण्याची मेहनतही विकत घेणारीचीच.

मी हे उपहासाने म्हणत नाही. पाकिटात काय होते तेही पाहा. त्या सूचनांचे कागद हे एक शिक्षण होते. कापण्यापूर्वी लोकरी कापड वाफेने दमवून आकसून घ्यायचे, म्हणजे पुढे ते आकसत नाही. प्रत्येक भागावर खुणा कच्च्या धाग्याने घालायच्या, खडूने नव्हे, कारण खडू पुसतो. छातीच्या आत कॅनव्हास. कॉलरच्या पोटात बारीक तिरपे टाके, शेकड्यांनी, असे की बाहेर एकही दिसू नये, आणि ते घालताना कापड बोटावर वाकवत राहायचे, म्हणजे कॉलर आपण होऊन वळते. बाही काखेच्या भोकापेक्षा मोठी कापलेली असते. तो जास्तीचा भाग चुणी न पडता वाफेच्या इस्त्रीने जिरवायचा. अस्तराला पाठीवर एक घडी ठेवायची, नाही तर हात पुढे करताच ते फाटते. प्रत्येक शिवण घातली की लगेच इस्त्री, शेवटी एकदम नव्हे. जुने शिंपी म्हणत, कोट अर्धा सुईने आणि अर्धा इस्त्रीने होतो. एवढे करून आठ-पंधरा दिवसांच्या संध्याकाळी गेल्यावर जो कोट होई तो दुकानातल्या कोटापेक्षा खरोखर चांगला असे. बालेन्सियागा हा पॅरिसमधला सर्वांत मोठा कारागीर मानला जाई. त्याची आई स्पेनमधल्या गेतारिया या कोळ्यांच्या गावात शिवणकाम करून घर चालवी, आणि तो स्वतः तयार झालेली बाही उसवून पुन्हा बसवत असे. अशा बाहीचा बेत एखाद्या कारकून बाईच्या हाती येणे, ही लहान गोष्ट नव्हती. १९६५ च्या हिवाळी संग्रहात ईव्ह सँ लोराँने माँद्रियाँच्या चित्रांसारखे रंगीत चौकोन जोडून लोकरी जर्सीचे झगे केले. त्यांचाही पॅटर्न निघाला. ते चौकोन कापडावर छापलेले नसतात, एकेक तुकडा शिवलेला असतो, आणि शरीराचा गोलवा त्या काळ्या पट्ट्यांच्या शिवणीत लपवलेला असतो. हे गुपित पॅटर्न उघडल्याशिवाय कळत नाही.

पॅटर्नचा आणि मशीनचा मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८३० साली तिमोनिये या फ्रेंच शिंप्याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये ८० यंत्रांवर सैन्याचे गणवेश शिवायला सुरुवात केली. १८३१ मध्ये शिंप्यांनी जमावाने येऊन ती यंत्रे मोडली. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना अडाणी म्हणतात. उद्या रोजी जाणार हे ज्याला आज दिसले त्याला अडाणी म्हणणे मला जमत नाही. पुढे अमेरिकेत १८४६ ला हाऊ, १८५१ ला सिंगर. सिंगरचे मशीन शंभर डॉलरच्या वर, कारागिराच्या घराला न परवडणारे. म्हणून १८५६ पासून त्याच्या भागीदाराने, एडवर्ड क्लार्कने, हप्त्याने देण्याची पद्धत काढली. हप्त्याने वस्तू घेण्याचा जो पसारा आज घराघरांत आहे, त्याचे एक मूळ शिवणयंत्रात आहे. १८६३ ला मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या बटरिक नावाच्या शिंप्याने निरनिराळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले. त्या कागदांवर काही छापलेले नसे. नुसती भोके पाडलेली असत आणि भोकांचा अर्थ बाईने ओळखायचा. छापील पॅटर्न १९२० च्या सुमारास आले. आपल्याकडे सिंगरचा प्रसार करणारे एजंट नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ होते. आणि यंत्रांवर इतके कठोर लिहिणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद मानले, हे येथे जमलेल्या सर्वोदयी मंडळींना ठाऊक असेलच.

पण ही यंत्रे करत कोण होते? स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला सिंगरचा प्रचंड कारखाना होता. २१ मार्च १९११ ला तिथे पॉलिश करणाऱ्या बाया कामाबाहेर पडल्या, कारण तिघींना बाजूला करून त्यांचे काम उरलेल्या बारा जणींवर टाकले होते. बारा बाया! काही दिवसांत सुमारे ११ हजार कामगार त्यांच्यामागे बाहेर आले. कंपनीने घरोघर पोस्टकार्डे पाठवून 'कामावर येता की नाही' असे एकेकाला विचारले. सभेत जो हात वर होतो तो घरी एकट्याने पोस्टकार्डावर वर होत नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते. तीन आठवड्यांनी संप मोडला. मागाहून सुमारे ४०० जणांना काढले. त्याच आठवड्यात, २५ मार्च १९११ ला, न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल या पोलकी शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली. जिन्याचे दार कुलूपबंद होते. १४६ जण मेले, बहुतेक तरुण मुली. एकाच आठवड्यात समुद्राच्या एका बाजूला मशीन करणाऱ्या बाया कामाबाहेर पडल्या, दुसऱ्या बाजूला मशीन चालवणाऱ्या जळाल्या.

त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या कोट शिवणाऱ्यांनी, सुमारे ६० हजारांनी, मोठा संप केला होता. तो लुई ब्रँडाइस या वकिलाच्या मध्यस्थीने मिटला. त्या करारात एक कलम होते: घरी नेऊन शिवण्याचे काम बंद. कामगार चळवळीने हे कलम लढून मिळवले, आणि बरोबर केले. कारण घरी काम नेले की बारा तासांचे सोळा होतात, पोरे बटणे लावायला बसतात आणि दर उतरतो. पॅरिसच्या शिवणाऱ्या मुलींनीही मे १९१७ मध्ये, ऐन महायुद्धात, शनिवारी अर्ध्या दिवसाच्या सुटीसाठी संप केला. रस्त्यातून गाणी म्हणत निघाल्या, आणि महिनाभरात कायदा करून घेतला. दिओरच्या कोटाआड जे हजारो टाके आहेत ते या मुलींच्या धाकट्या बहिणींचे आणि लेकींचे.

येथे माझी अडचण सुरू होते. आमच्या चळवळीने सदैव म्हटले, घर हे कामाचे ठिकाण नव्हे. काम कारखान्यात, घरी विश्रांती. पुरुषापुरते ते खरे होते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभेत फॉल-पिको करणारी एक बाई उठली आणि म्हणाली, "भाऊ, दिवसा मी लोकांच्या साड्यांना फॉल लावते, त्याचा दर तुम्ही वाढवून मागा, ते ठीक. पण रात्री मी पोरांचे गणवेश शिवते, ते काम नाही का? तेच मशीन, तीच मी." सभेत हशा झाला. मीही हसलो. घरी जाऊन झोप आली नाही. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' संघटना उभी केली ती अशाच बायांची, आणि १९९६ मध्ये जिनेव्हाला घरी बसून मोबदल्यावर काम करणाऱ्यांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. पण त्या करारातही दिवसाचे फॉल-पिको बसते. रात्रीचा गणवेश बसत नाही.

पॅरिसचा कोट शिवणारी बाई या गणवेशाच्याच रांगेत आहे, जरी तिची हौस मोठी असली तरी. तिच्या संध्याकाळांचे मोल कोणी धरत नाही, म्हणूनच तो कोट 'स्वस्त' पडतो. हे मी ठामपणे म्हणतो. पण दुसरी गोष्टही तितक्याच ठामपणे म्हणायला हवी. ज्या कारखान्यात कॉलर शिवणारी जन्मभर कॉलरच शिवते, त्या युगात कापण्यापासून शेवटच्या काजापर्यंत आख्खा कोट एका माणसाच्या हातून होणे हे आता घरातच उरले होते. ते सुख तिला कोणी दिलेले नव्हते, आणि मी तिच्या हातून मशीन काढून घेऊन तिला विश्रांती देऊ लागलो तर ती माझ्यावर कात्री उगारील.

शेवटी जर्मनी आणि रशिया. ऑफेनबुर्ग गावी एन्ने बुर्डा या बाईने जानेवारी १९५० मध्ये फॅशनचे मासिक काढले. नवऱ्याचा छापखाना होता. नवऱ्याने असेच मासिक आपल्या मैत्रिणीला काढून दिल्याचे कळल्यावर ते तिने आपल्या ताब्यात घेतले, अशी त्याची कथा आहे. पुढे दोन वर्षांत मासिकातच पॅटर्न येऊ लागले: एका मोठ्या कागदावर पाच-दहा कपड्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या, आगगाडीच्या मोठ्या जंक्शनच्या नकाशासारख्या. आपल्याला हवी ती रेषा शोधायची आणि वेगळ्या कागदावर उतरवून घ्यायची. पहिल्याने पाहणारा माणूस चक्रावतो. पण एका अंकाच्या किमतीत आख्ख्या हिवाळ्याचे कपडे! कोट, सूट, पोराची टोपी. ज्या देशात शहरे पडली होती आणि कापड कांबळ्यांचे होते तिथे हा अंक हातोहात गेला.

आणि १९८७ साली हेच मासिक रशियन भाषेत मॉस्कोत निघाले. पाश्चात्त्य देशातले असे पहिलेच मासिक सोव्हिएत देशात आले, आणि ते राजकारणाचे नव्हते, शिवणकामाचे होते. तिथल्या सरकारी दुकानांत कोट मिळत, पण सगळे एकाच बेताचे. माझ्यासारख्याला, ज्याने तरुणपणी त्या देशाची चित्रे भिंतीला लावली, हे सांगताना थोडे अवघड वाटते. एक अंक घरोघर, कचेरीत फिरे. पॅटर्नचा कागद खिडकीच्या काचेला लावून, पेन्सिलीने रेषा उतरवून, अंक दुसरीकडे जाई. उणे वीसच्या थंडीत घालायचा कोट, ऑफेनबुर्गच्या बेताचा, घरच्या मशीनवर.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड विद्यापीठात जुन्या पॅटर्नचा एक मोठा संग्रह जपलेला आहे, हजारो पाकिटांचा. त्या घड्या पाहून ओळखता येते की कोणते पाकीट कधी उघडलेच गेले नाही. कारखान्याची घडी सरळ आणि घट्ट असते. उघडलेला कागद पुन्हा त्या पाकिटात तसा कधीच मावत नाही. तो फुगलेला असतो, कडा टाचण्यांनी टोचलेल्या असतात, आणि एखाद्याच्या कमरेच्या रेषेवर पेन्सिलीने लिहिलेले असते: येथे अर्धा इंच सोडणे.